बारवेवरची एक ओळ

गोष्ट सांगताना कुणी 'असं म्हणतात' म्हणालं, की सिस्टरबाई हात वर करून त्याला थांबवत. "तुमी सोता पाह्यलं, का आयकलं?" एवढंच विचारत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची हयात गेली होती. दुखतं कुठे, कधीपासून, हे नीट विचारल्याशिवाय त्यांनी कुणाला गोळी दिली नसेल. गावाच्या इतिहासालाही त्यांनी तोच नियम लावला.

दुसरबीडजवळच्या आमच्या गावात पायऱ्यांची जुनी बारव आहे. गाळानं आणि बाभळींनी ती बुजत आली होती. गावानं ती साफ करायला घेतली, तेव्हा सिस्टरबाई म्हणाल्या, नुसते दगड मोकळे करून भागायचं नाही, माणसांनाही विचारलं पाहिजे. मग त्या आणि मी घरोघर जाऊ लागलो. मी शाळेतली शिक्षिका, गावात नवखी. त्यांना मात्र प्रत्येक उंबरा ओळखत होता. निम्मं गाव त्यांच्याच हातावर जन्मलेलं. म्हाताऱ्या बायका त्यांच्याजवळ मोकळ्या होत. धुणं कुठल्या पायरीवर चाले, नवी नवरी पाण्याला पहिल्यांदा कशी येई, दुष्काळात भांडणं कशी लागत. सिस्टरबाई मधे बोलत नसत.

बारवेला पाणी लागलं, तसा फलक लावायचं ठरलं. बैठकीत मजकूर वाचला गेला : सारा गाव या बारवेचं पाणी पीत असे. सिस्टरबाई उठल्या. आमच्या वस्तीतल्या बायकांना पायऱ्या उतरू देत नसत, हेही लिहा, म्हणाल्या. त्यांची आई रिकामी घागर घेऊन काठावर उभी राही. कुणी दिलं तर पाणी. लहानपणी त्या स्वतः आईचा पदर धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या होत्या.

बारवेलगत ज्यांचं शेत आहे, ते वयोवृद्ध तात्या म्हणाले, "जुनं उकरून काय भेटते, सिस्टर?"

"मंग गाळ काऊन उपसला, तात्या? तोही जुनाच होता."

तात्या उठून गेले. त्यांच्यामागे बरेच जण गेले. काम थांबलं. सिस्टरबाई सकाळी एकट्याच जाऊन पायऱ्या झाडत. मी एकदा म्हटलं, ती एक ओळ गाळली तर काम तरी पुढे जाईल. त्यांनी झाडू थांबवला.

"मायले गाळू का, मॅडम?"

पुढे एका सकाळी तात्या तिथे आले, पायरीवर टेकले.

"माही माय वतत होती पानी, तुह्या मायच्या घागरीत," ते सिस्टरबाईंना म्हणाले. "शिवाशिव नोको म्हून वरतून. मी पाह्यलं हाय. लिव्हा तुमी."

ओळ लिहिली गेली. फलक लागला तेव्हा सिस्टरबाई बुलढाण्याला दवाखान्यात भरती होत्या. मी फोनवरून मजकूर वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. त्या घरी परतल्या नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदनेसाठी वस्तीत सिस्टरबाईंच्या घरापुढे मांडव घातला होता. तात्या काठी टेकत आले. त्या घरी ते पूर्वी कधी आले नव्हते. सिस्टरबाईंच्या मुलीनं खुर्ची दिली, चहाचं विचारलं. त्यांनी पाणी मागितलं. तिनं भरलेला तांब्या पुढे केला. तो दोन्ही हातांनी धरून तात्यांनी सावकाश रिकामा केला, आणि तसाच मांडीवर धरून ते बसून राहिले.