ऱ्होड्समधला मलिदा

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावर बसेल असंही वाटत नाही. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात मी वॉर्ड सिस्टर आहे. एखादी नवी नर्स 'सिस्टर, कोपऱ्यातल्या बेडपाशी कोणीतरी उभं होतं' म्हणत आली, की मी तिला खिडकी लावून घ्यायला सांगते. बहुतेक वेळा तो पडदाच असतो. तेव्हा घडलं तसं सांगते, इतकंच.

मी बेने इस्राएल, म्हणजे मुंबईची मराठी ज्यू. आमच्यातला मलिदा काही वाचकांना माहीत नसेल. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि भोवती फळं... एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने, नवसाला किंवा शुभकार्याआधी करतात. आमच्या घरी आईचा नियम होता, सगळे येऊन बसल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. उशीर नेहमी माझ्या धाकट्या बहिणीचा, मिल्काचा.

पुढे मिल्का, तिचा नवरा आणि आई इस्राएलला गेले. मी नर्सिंगसाठी इंग्लंडला आले. मीही शेवटी तिकडेच जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं; मला कोणी विचारलं नव्हतं. आई तिकडेच वारली आणि मिल्काची पत्रं थांबली. इथे मराठी डॉक्टरांच्या बायका मला गणपतीला आवर्जून बोलावतात. लंडनमधले आमचे लोक इंग्रजीच बोलतात. दोन्हीकडे मी पाहुणी.

काही वर्षांपूर्वी मी भूमध्य समुद्रातल्या एका क्रूझचं बुकिंग केलं. छोटी बोट, प्रवासी बहुतेक रिटायर्ड शिक्षक आणि पाद्री, रोज एक बंदर, प्रत्येक बंदरावर गाइड. मला तिथल्या भग्न देवळांचं विशेष आकर्षण नव्हतं. बोट एक दिवस इस्राएलमधल्या हैफाला थांबणार होती. मिल्काला मी बोटीचं नाव, तारीख, सगळं कळवलं. निघेपर्यंत उत्तर नाही. मग हैफाच्या दिवशी नाझरेथच्या बसमध्ये मी आपली सीट घेऊन ठेवली. बंदरात ताटकळण्यापेक्षा काहीतरी बघून तरी होईल.

त्याआधी ऱ्होड्स हे ग्रीक बेट आलं. दुपारची वेळ. गाइड पिवळी छत्री उंच धरून जुन्या शहरातून पुढे चालला होता. माझ्या बुटात खडा गेला, म्हणून मी एका उघड्या दाराच्या पायरीवर बसले. आत अंगण होतं, लिंबाचं झाड, खाली ठेंगणं टेबल. काळ्या कपड्यातल्या एका म्हातारीने टेबलावरच्या ताटावरचं फडकं काढलं. मला आधी वेलचीचा वास आला. मग पोहे दिसले.

मी पायरीवरून आत गेले. तोंडातून मराठीच आलं —

"हे तुम्ही केलंत?"

तिने माझ्याकडे खुर्ची सरकवली. मी ताटाकडे हात नेला, तर तिने ताटावर आपला हात आडवा धरला.

"थांब गं. ती येऊ दे."

स्वच्छ मराठी. मी खुर्चीत बसले आणि स्वतःची नाडी पाहिली. जरा जलद, पण नियमित. ताप नव्हता. जेवताना वाइन घेतली नव्हती.

आम्ही दोघी थांबलो. ती दाराकडे बघत होती, मी तिच्याकडे. कोणी आलं नाही. बाहेर गाइडची शिट्टी ऐकू आली. बोट काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. "येते" म्हणून मी उठले. तिने मान हलवली.

गाइडला विचारलं, तर तो म्हणाला, "इथल्या म्हाताऱ्या सगळ्यांना खायला घालतात, मॅडम." पोहे म्हणजे काय ते मात्र त्याला समजावता आलं नाही. नारळही त्या बेटावर होत नाही.

बोटीवर जेवायला माझ्या टेबलाशी मार्जरी असायची, एका शाळेची माजी हेडमिस्ट्रेस. ती म्हणाली, "तुला ऊन लागलं."

"उन्हाने डोकं दुखतं. ऊन मराठी बोलत नाही."

हैफाला बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि मी परत खाली उतरले.

"बहिणीचं उत्तर आलं?" मार्जरीने खिडकीतून विचारलं.

"नाही."

"मग कशासाठी थांबतेयस?"

"माहीत नाही."

"तुझ्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकतेय," ती म्हणाली. बस गेली.

बंदराच्या गेटबाहेर एक बाक होता. जेवणाची वेळ टळून गेली. मी तिथेच. मग रस्त्याच्या पलीकडून एक पांढऱ्या केसांची बाई रमतगमत येताना दिसली. मला बघून ती जागीच थबकली. चालीवरून ओळखलं, चेहऱ्यावरून नाही.

"तू इथे कशी?" मिल्का म्हणाली. "बसने गेली नाहीस?"

"बसचं तुला कोणी सांगितलं?"

"बोटीच्या कंपनीला फोन करून विचारलं होतं. बोटीवरचे सगळे दिवसभर फिरायला जातात म्हणाले. तू नसशील असं धरूनच आले."

"मग आलीस कशाला?"

"आले होते, असं म्हणता आलं असतं."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी तिला ऱ्होड्सचं सांगितलं. त्या दिवशी तिच्याकडे कोणी मलिदा केला होता का, विचारलं. नव्हता. ओळखीत कोणाकडेही नव्हता. वाचक म्हणतील, आई असणार. नाही. आई माझ्या खांद्याला लागायची. ही बाई माझ्याहून उंच होती. आवाजही वेगळा.

मिल्का माझ्याकडे वळली.

"खाल्लास का?"

"नाही."

"का गं ताई?"

"तू आली नव्हतीस."

मग ती भांडायला लागली. आईच्या आजारपणापासून सगळं साठलेलं काढलं. मीही ऐकून घेतलं नाही. बोटीचा भोंगा वाजेपर्यंत आम्ही भांडत होतो, आणि उठताना दोघी एकाच टोकाला बसलेल्या होतो.

पत्रं परत सुरू झाली. भेट मात्र पुन्हा झालेली नाही. ती बाई कोण, पोहे तिला कुठे मिळाले, भाषा कुठून आली — मला सांगता येत नाही. मिल्का म्हणते, शोधू नकोस. मी शोधत नाही. पण संध्याकाळी ड्युटीवरून घरी येते, दिवे लावते, आणि मराठीत एक शब्द बोलायला घरात कोणी नसतं. तेव्हा वाटतं, त्या अंगणात अजून थोडं बसायला हवं होतं.