जावयाची बाटली

काल्हेरच्या पंढरीनाथाची उमेदीची वर्षं खाडीत बुड्या मारून रेती काढण्यात गेली. छाती फुटायला आली तरी बादली भरल्याशिवाय वर यायचं नाही, असा गडी. त्याचा धाकटा भाऊ त्याहून हट्टी. एकदा खाली गेला तो वर आलाच नाही. तेव्हापासून हवा कमी पडण्याची भीती पंढरीनाथाच्या मनात घर करून बसली होती.

उतारवयात तो गावातल्याच एका गोदामात कामाला लागला. तिथे खोल समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्या माणसांसाठी श्वासाच्या हवेच्या बाटल्या भरत. आधी ऑक्सिजन, मग हेलियम, वर साधी हवा. जसं खोल जायचं तसं प्रमाण. हिशेब तरण्या मिथुनचा, तोटी फिरवायची पंढरीनाथाने. आणि योगायोग बघा, लेक मनालीला नवरा मिळाला तो दीपेशही पाणबुड्याच!

जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, पण पंढरीनाथाचा भारी लाडका. सन २००६च्या हिवाळ्यात दीपेशची टोळी एका बुडालेल्या जहाजावर उतरणार होती. सत्तर मीटर खोल. मिथुनने सगळ्यांनाच नेहमीपेक्षा कमी ऑक्सिजन सांगितला. एवढ्या खोल धाडायचं आणि वर ही कंजुषी? मिथुन फोनवर बोलायला बाहेर गेला, तेवढ्यात पंढरीनाथाने जावयाच्या बाटलीची तोटी जरा जास्त वेळ उघडी ठेवली. जावयाच्या ताटात मासळीची एक तुकडी जास्त पडतेच की! बाटल्या न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याने घाई केली, आणि आतला ऑक्सिजन न मोजताच बाटल्या गेल्या.

मग चहा पिताना त्याने सहज विचारलं, "ऑक्सिजन कमी कशाला रं?"

"काका, तेवढ्या खोल तोच विष होतो. जास्त झाला की फेफरं येतं, तोंडातली नळी सुटते. अति तिथे माती."

पंढरीनाथाने कप खाली ठेवला. त्याने सगळं कबूल केलं. मिथुनने कपाळावर हात मारला आणि दीपेशचा नंबर फिरवत सुटला. फोन लागेना. भाऊ हवेवाचून गेला, आता जावई माझ्या हाताने जाणार! मनालीला काय तोंड दाखवू?

शेवटी एकदाचा फोन लागला. त्याने तो हिसकावूनच घेतला.

"जावई, ती बाटली घेऊ नका! मीच जास्त..."

"रिकामी केली, मामा. उतरायच्या आधी ज्याची त्यानं मोजायची, आमचा नियम हाय."

"पन मीच केलं वो..."

"ठावं हाय. बाकीच्यांच्या बाटल्या बरोबर, माझ्याच एका बाटलीत जास्त. असं सासऱ्याबिगर कोन करील?" दीपेश हसला, पण आवाज कापला. "जास्त वाढायचं तं ताटात वाढा, मामा."

पंढरीनाथ तिथेच लादीवर बसला आणि ढसाढसा रडला. त्या दिवसानंतर त्याने तोटीला हात लावला नाही.