मंडळाच्या देखाव्यात वारेन्ना

आमचा दिगंबर नवरा म्हणून चांगला आहे, पण गणपती जवळ आले की त्याच्या अंगात येतं. २००५ सालचंच ऐका. इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीच्या मंडळात देखाव्याचं काम त्याच्याकडे, आणि या पठ्ठ्यानं काय ठरवावं? इटलीतलं वारेन्ना! कोमो सरोवराकाठचं एवढंसं गाव. मंडळाच्या अध्यक्ष सीमाताईंनी कपाळाला हात लावला. कैलास नाही, रायगड नाही, हे काय मध्येच?

कारण होतं आमच्या शेजारच्या मिसेस ग्रेपी. लग्न करून वारेन्नाहून इथे आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. आता ऐंशीच्या पुढे वय, डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलेला. कुंपणापाशी उभा राहून दिगंबर त्यांना गावाबद्दल खोदून खोदून विचारायचा. मला म्हणाला, "सुलभा, त्यांना एकदा गाव दाखवायचंच." झालं, माझं गॅरेज गेलं.

सिरियलच्या खोक्यांची पिवळी-गुलाबी घरं, मधून पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या गल्ल्या, डोंगरावर किल्ला, पूर्वी नन्सचा मठ होता तिथली बाग. सुरूच्या झाडांसाठी बाटल्या धुवायचे ब्रश हिरवे रंगवले. माझेच, अर्थात. शिवाय पुण्यातल्यासारखं टेपवर निवेदन, स्वतःच्या भारदस्त आवाजात: बाराव्या शतकात समोरच्या बेटावरचं गाव कोमो शहरवाल्यांनी उद्ध्वस्त केलं, तेव्हा तिथली माणसं होड्यांतून इकडे आली आणि इथलीच झाली. एवढं ऐकताना आमची मंडळी हातातल्या प्लेटा खाली ठेवायची.

पण दिगंबरचा जीव अडकला होता फ्युमेलात्तेमध्ये. ही तिथली पाव किलोमीटरची नदी, दुधासारखी फेसाळत थेट सरोवरात पडते. मिसेस ग्रेपींचं माहेर तिच्याच काठी. ती वाहायलाच हवी म्हणून यानं पुण्याच्या तुळशीबागेतून छोटी मोटर मागवली. अहो, इथे ढिगानं मिळतात, पण ऐकेल तर शपथ. ती चालणार आपल्याकडच्या व्होल्टेजवर, म्हणून मग कन्व्हर्टर जोडला.

शनिवारी हॉलमध्ये नदी झकास वाहत होती. मिसेस ग्रेपींना आणायला आम्ही घरी गेलो, तेवढ्यात सीमाताईंनी तोच कन्व्हर्टर काढून चटणीसाठी भारतातल्या मिक्सरला लावला. चटणी झाली, कन्व्हर्टर जळाला. परत येऊन बघतो तर नदी कोरडी ठणठणीत. दिगंबरचं तोंड एवढंसं झालं. मला सीमाताईंचा असा राग आला की विचारू नका.

मिसेस ग्रेपी काठी टेकत पुढे आल्या. किल्ला बघितला, बाग बघितली, गल्ल्यांवरून हलकेच बोट फिरवलं. मग कोरड्या नदीपाशी थांबल्या. दिगंबर सॉरी सॉरी म्हणत मोटरची रामकहाणी सांगायला लागला. त्यांनी हात धरून त्याला गप्प केलं.

"हिवाळ्यात ही अशीच आटते," त्या म्हणाल्या. "मी निघाले तेव्हा जानेवारी होता. आई याच दगडांवर उभी होती."

खुर्ची मागून घेऊन त्या तिथेच बसल्या. चेहऱ्यावर असं हसू, की माझेच डोळे भरून आले. इतक्यात सीमाताई कुणाकडून तरी दुसरा कन्व्हर्टर घेऊन धावत आल्या. दिगंबरनं त्यांना हातानंच थांबवलं.