एल्सिरानं बंद केलेला गॅस

एल्सिरा ओयार्झो ही आमच्या लागुना पार्दा गावात गॅसची कामं करणारी एकटीच बाई. बापाचे हात थरथरायला लागले तेव्हा हिनं पाना उचलला, परीक्षा देऊन परवाना आणला. गाव आधी हसलं. पुढं एकवीस वर्षं, जुलैत, म्हणजे आमच्याकडं पृथ्वीच्या दक्षिण टोकाला ऐन हिवाळ्यात, कुणाचा हीटर रुसला की तिलाच हाक जायची. घरात शिरली की ती आधी खिडक्या बघायची, मग भिंती, आणि हीटर सगळ्यात शेवटी. मी तिची शेजारीण. तिची गाडी बंद पडली की आम्ही माझी काढायचो, म्हणून त्या मंगळवारी मीही सोबत होते.

बेलार्मिनो कार्कामो गावाबाहेर चार किलोमीटरवर एकटाच राहायचा. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली, आता शहात्तरीला आलेला.

"प्रेशरच नाही, पोरी," तो दारातच म्हणाला. "थंडीनं टाकीतला गॅस गारठलाय. ज्योत लावतो, विझते. लावतो, विझते."

एल्सिरानं पाणी भरलेली मोजनळी लावून गॅसचा दाब मोजला. "दाब ठीक आहे, आजोबा. गॅस नाही गारठला."

खिडक्यांवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. हीटरच्या वरची भिंत काळी पडली होती. खाली हवेसाठी ठेवलेलं भोक म्हाताऱ्यानं मेंढीच्या कातड्यानं गच्च बुजवलेलं. तिनं ते उपसलं, तशी वाऱ्याची धार थेट आमच्या पायांवर आली.

"बघ! म्हणूनच बुजवलं होतं!"

"हवा नसेल तर ज्योत जगेल कशी?"

ज्योत आता टिकली, पण निळी व्हायच्याऐवजी पिवळीच राहिली. एल्सिरा छपरावर चढली. धुराड्याच्या टोपीत बर्फ साचला होता, तो तिनं फोडून काढला. तरी पिवळी. शेवटी तिनं हीटरचं पुढचं झाकण उघडून आत बॅटरी मारली. आतला पत्रा गंजून बोटभर फाटला होता. जळलेल्या गॅसचा विषारी धूर वर जायच्या आधी खोलीत येत होता; त्याचीच वाफ खिडक्यांवर साचत होती.

"सकाळी डोकं दुखतं?"

"या वयात काय दुखत नाही ते विचार."

"कुत्रं दिसत नाही तुमचं."

"गेलं परवा. इथंच, हीटरपाशी झोपलेलं."

"चारच वर्षांचं होतं, आजोबा."

एल्सिरानं तोटी बंद केली, नळीचं तोंड पितळी बूच लावून आवळलं.

"आणि मी काय करू? गोठून मरू?"

"माझ्या घरी चला. गुरुवारच्या ट्रकनं नवा हीटर मागवते, मी स्वतः बसवते."

"आणि तीस मेंढ्या? त्यांनाही घेतेस का गाडीत? पुढच्या सीटवर बसवू?"

तासभर समजावलं. तो हटला नाही. मग तिनं स्वतःच्या घरातला विजेचा हीटर आणून लावून दिला आणि म्हणाली, "शब्द द्या. बुचाला हात लावणार नाही."

"दिला. जा आता, तुझ्या त्या भोकातून घर गार होतंय."

बुधवारी दुपारी वादळ आलं. विजेच्या तारा तुटल्या, सगळं गाव अंधारात. एल्सिरा माझी गाडी घेऊन तशीच निघाली. दुसऱ्याच वळणावर चाकं बर्फात रुतली आणि पायी परत येताना गारठ्यानं तिच्या दोन बोटांची कातडी गेली. रस्त्यावरचा बर्फ काढणारं यंत्र हायवेवर अडकलेली बस काढायला गेलेलं. ते आलं शुक्रवारी, त्याच्या मागोमाग आम्ही म्हाताऱ्याकडं पोचलो.

बेलार्मिनो खुर्चीत होता, गारठून गेलेला. अंगावर घरातली सगळी घोंगडी, सगळी कातडी. त्याचा पाना हाताच्या अंतरावर खुंटीला टांगलेला. बुचावर साधा ओरखडाही नव्हता. मेंढ्या गोठ्यात ओरडत होत्या, तिसाच्या तीस.

त्याची मुलगी निल्दा समुद्रकाठच्या शहरातून आली. माती दिल्यावर तिनं एल्सिराला गाठलं.

"तुम्ही गॅस बंद केलात?"

"हो."

"चालू ठेवला असता तर?"

"तर त्याच रात्री गेले असते. झोपेत."

"झोपेत तरी गेले असते," निल्दा म्हणाली.

घरी येऊन एल्सिरानं हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली. महिनाभर कुणी दार वाजवलं तर मीच सांगायची, तिला बरं नाही. माझ्याशी ती त्याबद्दल एकदाच बोलली, मी भांडी घासत असताना. "शब्द कशाला घेतला मी? उचलून गाडीत टाकायला हवं होतं."

ऑगस्टच्या शेवटी गावातल्या बारीया कुटुंबाची तिन्ही लेकरं उलट्या करायला लागली, तेव्हा ती पेटी घेऊन गेली. तिथंही हीटरचा धूर खोलीतच येत होता, तिनं तोटी बंद केली. पण या वेळी दाराला पाठ लावून जमिनीवरच बसली. "तुम्ही सामान बांधून निघेपर्यंत मी हलत नाही." बारीया शिव्या घालत राहिला. म्हातारा मारलास, आता आम्हाला बेघर करतेस, असंही म्हणाला. ती ऐकत बसली. तीन तासांनी सगळे तिच्याच घरी राहायला गेले, आठ दिवस.

त्यानंतर बरीच घरं तिला बोलवेनाशी झाली. शेजारच्या गावचा एकजण येतो, फाटलेल्या पत्र्यावर चिकटपट्टी लावून जातो, लोक खूश. थंडी पडली की एल्सिरा न बोलावताच गल्लीतून फिरते, कुणाच्या खिडकीला जास्त घाम आलाय ते बघते आणि दार वाजवते. काही जण उघडतात.