पाहुण्यांची खूण

नसलेल्या मिशीला पीळ द्यायचा आणि पोटावरून गोल हात फिरवायचा. 'पाहुणे' म्हणायची ही तिची खूण. ती करतच ती आमच्या मागच्या दारानं आत यायची. मी समजायचे, शेजारी तिच्या धाकट्या बहिणीला बघायला माणसं आली आहेत.

ती जन्मापासून बहिरी. गल्ली तिला 'मुकी' म्हणायची, नावानं हाक मारून उपयोग काय म्हणून. लोक तिच्या तोंडासमोर तिच्याविषयी वाटेल ते बोलायचे. तुमच्या गल्लीतही असेल अशी एखादी. बोलणारे तर असतीलच.

तिची आई कुंपणापाशी येऊन म्हणायची, "ताई, हाईले तुमनाकडे बसू द्या. पाहुणा गयात का लई जासू."

"तिला पाहिलं तर काय होईल गं?"

"धाकलीनं लगीन मोडी जाई. लोके म्हणतीन, तिन्हा पोऱ्हंबी अशाच होतीन."

मला संताप यायचा. ती मात्र खिडकीतून बघून पाहुण्यांच्या नकला करायची. एक बशीतला चहा फुंकत बसलेला, दुसरा कपाट किती मोठं ते डोळ्यांनी मोजणारा. मी हसून बेजार व्हायचे. मग ती माझ्या परातीतलं पीठ मळायला घ्यायची.

धाकटीचं एकदाचं जमलं. हिला फक्त बहिणीला हळद लावायची होती. कितीतरी दिवस ती गालांवरून हात फिरवून मला तेच सांगत होती. आईनंही मान डोलावली होती.

नवी हिरवी साडी नेसून, हळदीची वाटी घेऊन ती मांडवात आली. नवऱ्या मुलाच्या आईनं विचारलं, "हाई कोन व?"

"कामले ठेयेल बाई शे," तिची आई म्हणाली.

धाकटीनं मान वर केली नाही. मांडवात अर्धी गल्ली होती, कुणी तोंड उघडलं नाही. एवढी एकी आमच्याकडे एरवी दिसत नाही.

तिला ओठ वाचता येत. हे तिच्या आईलाही ठाऊक होतं. तिनं वाटी खाली ठेवली आणि उष्टे पेले गोळा करू लागली. मी उठवायला गेले तर तिनं माझाही हात झटकला.

आता ती नंदुरबारला मावशीकडे असते. मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जाते. सणालाही घरी येत नाही.

धाकटीला मुलगा झाला. सारी गल्ली त्याच्या कानापाशी टाळ्या वाजवून खात्री करून आली. बारशाला थोरलीला आणायला आई नंदुरबारला गेली आणि एकटीच परतली. संध्याकाळी माझ्या मागच्या दारानं येऊन ओट्याशी बसली. मला तिची कीव आली नाही.

"काय झालं?"

"मी दारमा उभी व्हतू. मन्ही बहिणनी तिले इचारं, कोन उनं शे?"

"मग? काय म्हणाली?"

आईनं नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि पोटावरून हात फिरवला.