कासारणीच्या दुकानातलं पत्रक

त्या वर्षी सगळ्या मुंबईचे डोळे आले होते. साथ परदेशातही आहे असं वर्तमानपत्रं सांगत होती, पण आम्हाला दिसत होती ती घाटकोपरची भटवाडी. चाळीचाळीत लाल डोळे, आणि फुटपाथवर काळ्या चष्म्यांचे ढीग. किराणावाला काळा चष्मा लावून साखर जोखायचा. पोरं ओरडायची, "काय हीरो, शूटिंग कुठंय?" लोकांची पक्की समजूत होती की डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात. म्हणून दुकानदारांनी एकच उपाय केला. नोकराचे डोळे आले तर त्याला सुट्टी द्यायची नाही, चष्मा द्यायचा. मला याची भयंकर चीड होती. अजूनही आहे.

मी बावीस वर्षांची होते. लग्नावरून घरी भांडून निघालेली. मावशी गावी गेली होती, तिच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. दिवसा विक्रोळीच्या एका ऑफिसात टायपिंग, संध्याकाळी लोकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं. पाणी, रेशनचा तांदूळ, रॉकेल, सगळ्यावर मी लिहिलंय. हजारो लोकांना उद्देशून लिहायचे आणि खोलीवर आले की बोलायला एक माणूस नसायचं. एकट्या राहणाऱ्या मुलीशी चाळीतल्या बायका दाराआडूनच बोलत.

एकच दुकान असं होतं जिथे मी नुसती जाऊन बसायचे. चढाच्या तोंडाशी, कासारणीचं. पन्नाशीची बाई, मालवणकडची. नवरा गेल्यावर बांगड्यांचं दुकान तिने एकटीने चालवलं. विधवा म्हणून स्वतःच्या हातात काचेची एक बांगडी नाही, आणि गल्लीतल्या सगळ्या सवाष्णींचे हात तिच्या हातातून गेलेले. यावरही मी पत्रक लिहिणार होते. ते राहिलं.

मी बांगड्या घालत नव्हते. तत्त्व म्हणून.

"तुझा तत्त्व मनगटात अडाकता काय गो?" ती विचारायची.

दुकान रिकामं असलं की बोलता बोलता माझा हात हातात घ्यायची, बोटांची पेरं दाबून बघायची. सवयच तिची. "सव्वादोनच्या मापाचो हात. मऊ. काम करणाऱ्याचो नाय, लिवणाऱ्याचो." दिवसभरात मला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

गौरी-गणपती तोंडावर आले होते. तिचं वर्ष त्या दोन-तीन आठवड्यांवर चालायचं. दिराला तो गाळा रेडिओदुरुस्तीसाठी हवा होता. "ह्या गणपतीक दुकान चालला नाय तर दीर माका गावाक धाडतलो," ती म्हणाली होती. म्हणजे हे मला माहीत होतं. नंतर मला कळलंच नव्हतं, अशी सबब मला नाही.

तिथेच बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बांगड्या भरताना बाईचा हात साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवायचा, मग दाबून दाबून बांगडी चढवायची. घट्ट बांगडीने डोळ्यांत पाणी येतं. बाई ते मोकळ्या हाताने पुसते. मग तोच हात कासारणीच्या हातात जातो, त्याच वाडग्यात बुडतो. शेवटी सगळ्यांना एकच टॉवेल. आणि हे सगळं कासारीण काळा चष्मा लावून करत होती! तिचे डोळे ठणठणीत होते. गिऱ्हाइकं हट्ट करत म्हणून लावला होता.

मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, बघून काही होत नाही, हातातून पसरतं.

मी पत्रक लिहिलं. नजरेने नाही, हाताने. दुकानाने प्रत्येकीला ताजं पाणी द्यावं, वेगळं कोरडं फडकं द्यावं, आधी आणि नंतर दोघींनी साबणाने हात धुवावेत, डोळे आलेल्या नोकराला भरपगारी रजा द्यावी. एवढं पाळणाऱ्या दुकानात खुशाल जा. गटातल्या मोठ्या ताईंनी वाचलं.

"अगं, हा निबंध झाला. पत्रक चालता चालता वाचतात. एकच हाक ठेव."

ताईंना दोष देत नाही. कापाकापी मी केली, आणि मला मजा आली. उरलं ते असं: डोळे नजरेने येत नाहीत, हाताने येतात! बांगड्या भरून घेऊ नका! दुकानातल्या टॉवेलला शिवू नका! ठसठशीत, झकास. दुकानाने काय करावं ते सगळं गेलं. 'खुशाल जा' सगळ्यात आधी गेलं.

दोन दिवसांनी दुकानात गेले, तर दोन बायका पायरीखाली उभ्या होत्या. एकीच्या हातात माझा कागद.

"हात नको मावशी. डझनभर बांधून द्या, घरी घालीन."

"घरी घालशील नि सगळ्यो वाढवशील."

"वाढू देत. डोळे तरी राहतील!"

कासारणीने चष्मा काढला. "बघ माझे डोळे. सफेद आसत." तर ती बाई दोन पावलं मागे सरली. नजरेचीही भीती होतीच, तिच्यावर आता हाताची चढली होती. दुसरी म्हणाली, "चल गं, पुढे प्लॅस्टिकच्या मिळतात, त्याला कुणी भरायला नको." गेल्या दोघी.

कासारणीने पडलेला कागद उचलून माझ्यापुढे धरला. "ह्या कोणी लिवला?"

"मी."

"खरा हा?"

"खरं आहे."

तिने वाडगा पुढ्यात ओढला. "मगे आदी माका सांगूचा होता. रोज हयच बसतस मां? मी पाणी बदलला नसता?"

तिला सांगायला एक मिनिट लागलं असतं. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. मला ती दुकान म्हणून दिसली होती.

मी ताईंकडे गेले, दुसरं पत्रक काढू म्हटलं. "माघार घेतल्यासारखं दिसतं," ताई म्हणाल्या. मग पत्रकातून कापलेल्या सगळ्या ओळी मी पुठ्ठ्यावर हाताने लिहिल्या, खोलीतलं माझ्या मावशीचं जुनं लुगडं फाडून फडकी केली, दोन वाडगे आणि साबणाची वडी घेऊन दुकानात गेले. तिने सगळं मांडलं, पुठ्ठा दारात टांगला. त्या आठवड्यात अख्ख्या घाटकोपरात तिच्याइतकं सुरक्षित दुकान नसेल. बायका पुठ्ठ्यावरून नजर फिरवत आणि पुढे जात. एवढं कोण वाचतं!

गौरी बसायच्या आदल्या दिवशी मी साबणाने हात धुतले आणि पाटावर बसले. "भरा. लोकांना बघू दे."

"तू बांगड्यो घालणस नाय."

"आज घालते."

तिने हात पुढे केला नाही. "नको गो. लोक म्हणतील, लिवणारीच भरून घेता. तुझो कागद खोटो पडात." मग चार हिरव्या बांगड्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या. माप विचारलं नाही. ते तिला ठाऊक होतं.

साथ ओसरली. दसऱ्याच्या सुमारास ऑफिसातून परतताना बघितलं, तर गाळ्यात रेडिओ उघडून ठेवलेले. पुठ्ठा आतल्या फळीवर होता, त्यावर स्क्रू पसरले होते. ती सकाळच्या एस.टी.ने गेली, दीर म्हणाला. मी ऑफिसात होते.

याला सहा-सात वर्षं झाली. अजून पत्रकं लिहिते. आता छापण्याआधी ज्या दुकानाबद्दल लिहिलंय तिथे जाऊन वाचून दाखवते. काही जण शिव्या देतात. देऊ देत.

ती गेली त्या रात्री खोलीत साबण लावून त्या बांगड्या चढवून बघितल्या होत्या. एका हाताने जमत नाही. अंगठ्याखालचं हाड दुसऱ्याने दाबून धरावं लागतं. एक कशीबशी गेली, दुसरी तडकन वाढली. उरलेल्या दोन त्याच वर्तमानपत्रात आहेत.