आजोबांच्या जातीचा पुरावा

वाशीच्या तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं एक पारधी मुलगी सारखी यायची. कागदावर बोट फिरवत प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची, मगच झेरॉक्स काढू द्यायची. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं, पण जातीच्या दाखल्यासाठी तहसीलचा कारकून तिच्या आजोबांचा शाळेतला पुरावा मागत होता.

ती त्याला म्हणायची, “साहेब, आज्याला शाळेत कुणी बसूच दिलं न्हाय. कुठनं आणू?”

शेवटी पोलीस ठाण्याच्या जुन्या नोंदीत, पारध्यांना कायद्यानंच जन्मजात गुन्हेगार मानायच्या काळातल्या, आजोबांची जात सापडली. ती नक्कल द्यायला मीही तिच्यासोबत गेलो. तिनं ती भरल्या कचेरीत मोठ्यानं वाचली, “जात पारधी. गावात फिरताना धरला.”

“हळू वाच,” कारकून म्हणाला.

“का? लिवताना कुणी लाजलं न्हाय.”

दाखला मिळाला, तोवर प्रवेश बंद झाले होते. यंदा ती पुन्हा अर्ज भरतेय. माझा संताप मात्र उतरत नाही. सरकारदरबारी तिचा आजा फक्त चोर म्हणूनच जन्मला होता.